बूमची फिटिंग खोलूनच बघायची: उजनीवर जाण्याआधीची तयारी

शिडाच्या बोटीच्या बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या नळीचं, हार्डवेअर खोलल्याशिवाय तपासलं असं म्हणूच नये, हे मी आमच्या बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आज इथं सविस्तर लिहूनच टाकते. सोलापुरात राहून शिडाची बोट चालवणारे आम्ही अगदी मोजकेच लोक, इथं ना शिडाच्या बोटीच्या सामानाचं दुकान ना कुणी रिगर, म्हणजे डोलकाठी-दोऱ्यांचं काम करणारा, त्यामुळं दुरुस्ती म्हटलं की सगळं आपलं आपणच बघायचं. पण लेथवाले आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत, साखर कारखान्यातले फिटर आहेत, मोटर वाइंडिंगवाले आहेत आणि त्यांच्या हातात जे कसब आहे ते बोटीच्या कामाला पुरून उरतं, फक्त आपल्याला काय पाहिजे आणि का पाहिजे हे नीट सांगता आलं पाहिजे.

ज्यांचा बोटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उभी डोलकाठी म्हणजे मास्ट, तिच्या खालच्या भागाला आडवी जोडलेली नळी म्हणजे बूम, मोठ्या शिडाची खालची कड या बूमवर ताणलेली असते. बूम जिथं मास्टला जोडते त्या सांध्याला गूजनेक म्हणतात, तो वर-खाली आणि डावी-उजवीकडं दोन्ही फिरतो. बूम आत-बाहेर करायची दोरी म्हणजे मेनशीट, ती ब्लॉकमधून म्हणजे कप्प्यांमधून फिरते. बूम वर उचलली जाऊ नये म्हणून मास्टच्या बुडापासून तिरकी बूमला लावलेली कप्पी-दोरी म्हणजे व्हँग, काहीजण किकर म्हणतात. आणि शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडं ओढून धरणारा आउटहॉल. झालं, एवढीच मंडळी आहेत, पण वाऱ्याची ताकद शिडातून बोटीपर्यंत पोचते त्यातला मोठा वाटा या चार-पाच ठिकाणांतून जातो.

आमची बोट एंटरप्राइज या प्रकारची आहे, दादाची आणि माझी मिळून. जॅक होल्ट यांनी १९५६ साली डिझाइन केलेली, ४.०४ मीटर लांबीची, दोघांनी चालवायची, आणि शिडं निळी ही तिची ओळख. सेकंडहँड घेतलेली, बूम ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरची फिटिंग आधीच्या मालकांनी वेगवेगळ्या काळात बदललेली, त्यामुळं कुठं रिव्हेट, कुठं स्क्रू, कुठं आरपार बोल्ट असं सगळं आहे. जुन्या बोटीत हे असंच असतं आणि म्हणूनच ती उघडून बघणं जास्त गरजेचं.

बोट असते टेंभुर्णीच्या पुढं उजनीच्या बॅकवॉटरला एका मित्राच्या शेतात. उजनी म्हणजे यशवंतसागर, भीमेवरचं साधारण ११७ टीएमसीचं धरण, पाणी भरलं की समुद्रासारखं पसरतं आणि उन्हाळ्यात इतकं आत जातं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. आपला भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा पण जून ते ऑगस्ट वारा भरपूर, आणि पाणी चढायला लागलं की शिडासाठी यापेक्षा चांगले दिवस नाहीत. त्याच्या आधीचा काळ मात्र वळवाचा. वळवाचं वारं कसं येतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको, दहा मिनिटांपूर्वी पान हलत नसतं आणि मग एकदम धुळीचा लोट. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. ती शिडाची बोट नव्हती, कारणं वेगळी होती, पण या पाण्यावर वारा काय करू शकतो ते आम्ही सगळ्यांनी तेव्हा बघितलं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आमच्या बोटीत कुणाला पाय ठेवू देत नाही आणि बूमची तपासणी झाल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही, माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच पातळीच्या आहेत.

आता एवढं काय त्या बूमचं, असं विचारणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. समजा बूम २.४ मीटरची आहे आणि व्हँग गूजनेकपासून ६० सेंटिमीटरवर लावलाय. वाऱ्यात शिडाची मागची कड बूमचं टोक वर ओढते, समजा फक्त २० किलोनं. व्हँग टोकापेक्षा चारपट जवळ आहे म्हणून त्याला सरळ खाली ८० किलोनं ओढावं लागतं. पण व्हँग सरळ खाली नसतोच, तो ४५ अंशात तिरका असतो, म्हणजे त्याच्या दोरीत आणि फिटिंगमध्ये ताण येतो साधारण ११३ किलोचा. तो तिरका असल्यामुळं बूमला ८० किलोनं पुढं मास्टकडं पण ढकलतो, आणि गूजनेकवर खालच्या दिशेनं ६० किलो येतात ते वेगळेच. ८० आणि ६० मिळून गूजनेकच्या त्या बोटाएवढ्या पिनवर १०० किलो. बूमच्या टोकाला आपण हातानं सहज उचलू शकतो एवढा जोर आणि आत पिनवर दोन सिमेंटच्या पोत्यांचं वजन. आणि हे सगळं शांतपणे चाललेलं असताना, शिड झटक्यात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, म्हणजे न ठरवता जाइब झाली, तर धक्क्याचा जोर याच्या कितीतरी वर जातो.

म्हणून मी सुरुवात नेहमी गूजनेक आणि व्हँगपासून करते, बाकीचं नंतर.

बूम मास्टवरून काढायची, शिड काढायचं, सगळ्या दोऱ्या काढायच्या आणि बूम घरी आणायची. शेतात उन्हात उभं राहून हे काम होत नाही, घाई होते. आमच्याकडं गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवी ठेवतो आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसतो. आधी साध्या पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुवायची, कारण धुळीखाली चीर दिसत नाही. धुताना फिटिंगच्या कडेनं काळा ओघळ किंवा पांढरी पावडर निघते का बघायचं. काळा ओघळ म्हणजे तिथं काहीतरी हलतंय, दोन धातू एकमेकांवर घासून बारीक भुकटी निघतीय. पांढरी पावडर म्हणजे ॲल्युमिनियम सडायला लागलंय.

गूजनेकमध्ये काय बघायचं? पिन बाहेर काढून सपाट काचेवर लोळवायची, वाकली असेल तर लगेच कळतं. वाकलेली पिन सरळ करून परत वापरायची नाही, बदलायची. पिनला मधे कंबर आलीय का ते नखानं बघायचं, म्हणजे एका जागी झिजून ती बारीक झालेली असते. मग पिन ज्या भोकात बसते ते भोक गोल आहे की लांबट झालंय. यासाठी आम्ही नवीन ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून बघतो, एका दिशेला डुगडुगते आणि दुसऱ्या दिशेला नाही म्हणजे भोक लांबट. थोडी ढिलाई असेल तर नायलॉनचं बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, घालता येतं, इथं पॉवरलूमचे पार्ट बनवणारे लेथवाले नायलॉनच्या रॉडमधून असलं बुश दहा मिनिटात काढून देतात, फक्त मापं व्हर्नियरनं घेऊन जायची, अंदाजानं नाही. एक गोष्ट मात्र, नायलॉन पाणी पिऊन किंचित फुगतं, त्यामुळं लेथवाल्याला घट्ट फिट सांगायचं नाही, थोडी जागा ठेवायला सांगायची, नाहीतर पाण्यात गेल्यावर पिन जाम होते. जास्तच ढिलाई असेल तर बुशनं भागवायचं नाही, गूजनेकच नवीन घ्यायचं.

उजनीवर गूजनेकला आणखी एक त्रास आहे जो समुद्रावर चालवणाऱ्यांना एवढा नसतो. बोट पूर्ण उलटी झाली आणि पाणी उथळ असलं की मास्टचं टोक खाली गाळात रुततं. मग बोट सरळ करताना सगळे जण जोर लावतात, मास्ट-बूम वेड्यावाकड्या पिळल्या जातात आणि तो पीळ गूजनेकच्या रिव्हेटवर येतो. पाणी कमी असताना बोट अशी उलटली असेल तर घरी आल्यावर गूजनेक उघडायचंच, वरून कितीही चांगलं दिसलं तरी.

आता व्हँगचं फिटिंग, आणि इथं थोडं थांबून सांगते कारण माझा सगळा मुद्दा याच फिटिंगनं पक्का केला. बूमच्या खालच्या बाजूला स्टेनलेसची वाकवलेली पट्टी असते, तिच्यात व्हँगची वरची कप्पी अडकते. आमची पट्टी वरून एकदम चकाचक होती, हलत नव्हती, गंज नव्हता, मी जोर लावून पिळून बघितली तरी काही नाही. खोललं तेव्हा बूमला चिकटलेल्या बाजूला, बरोबर जिथं पट्टी वाकवलीय तिथं, एक तपकिरी केसाएवढी रेघ दिसली. डाग आहे की चीर ते काही कळेना. आमच्या ओळखीचे एक काका साखर कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेत, सीझन संपला की ओव्हरहॉलिंगमध्ये मिलचे शाफ्ट न् काय काय तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना पट्टी दाखवली तर म्हणाले, “ताई, डोळ्याला दिसतंय तेवढंच असतंय व्हय? डीपी मारून बघू की.”

डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, तीन स्प्रे कॅनचा सेट असतो, इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात मिळतो. पहिल्या क्लीनरनं भाग एकदम स्वच्छ पुसायचा, ग्रीस, रंग काहीच राहायला नको. मग लाल डाय मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, चीर असेल तर डाय तिच्यात झिरपतो. मग वरचा सगळा लाल पुसून काढायचा, पण क्लीनर थेट भागावर मारायचा नाही, कापडावर घेऊन पुसायचं, नाहीतर चिरेतला डायसुद्धा धुऊन जातो. आणि शेवटी पांढरा डेव्हलपर मारायचा, तो पावडरीसारखा वाळतो आणि चिरेतला लाल डाय वर शोषून घेतो. आमच्या पट्टीवर पांढऱ्यावर सरळ लाल रेघ उमटली, पट्टीच्या अर्ध्याहून जास्त रुंदीची. जी पट्टी मी हातानं पिळून पास केली असती ती आतून अर्धी तुटलेली होती. काका एवढंच म्हणाले की वाकवलेल्या ठिकाणी नेहमी आधी बघायचं, आणि वेल्डच्या कडेला, आणि भोकाच्या काठाला. तेव्हापासून आम्ही दर वर्षी गूजनेकची पट्टी, व्हँगची पट्टी, मेनशीटच्या ब्लॉकचं हँगर म्हणजे ब्लॉक ज्याला लटकतो ते फिटिंग, एवढं डीपीनं बघतो. ॲल्युमिनियमवर पण डीपी चालतं, म्हणून बूमवरच्या भोकांच्या कडेला पण मारतो.

नवीन पट्टी इथंच करून घेतली. बाजारात एसएस म्हणून जे मिळतं त्यात २०२ ग्रेड पण असतं, स्वस्त असतं आणि ते लवकर डागाळतं. लोक चुंबक लावून बघतात, पण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, ३०४ ला नाही, ३१६ ला पण नाही, त्यामुळं चुंबकानं एवढंच कळतं की साधं लोखंड नाहीये. गोड्या पाण्यात ३०४ चालून जातं, पण मला ३१६ पाहिजे होतं कारण कधीतरी बोट कोकणात न्यायचं आमचं दोघांचं ठरलंय, आणि ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच कामाला येतं. औषध कंपन्यांच्या टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर ३१६ एल वापरतात, त्यांच्याकडं तुकडे पडलेले असतात. ३ मिलिमीटरची शीट घेतली. फॅब्रिकेटर दादांना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या. एक, बेंड काटकोनात चेपून करू नका, आतली गोलाई निदान शीटच्या जाडीएवढी ठेवा, कारण कडक घडी घातली की चीर तिथूनच सुरू होते. दुसरी, लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंग व्हील किंवा वायर ब्रश याला लावू नका. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि मग तिथं गंज धरतो, लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं, असतात ते लोखंडाचे कण. त्यांनी नवीन व्हील लावलं, कडा घासून गोल केल्या आणि पॉलिश मारून दिलं, एकदम सुंदर काम.

पट्टी झाली, आता ती बूमला लावायची कशी, इथं बहुतेकांचं चुकतं. सोलापुरात पॉप रिव्हेट मारणारे म्हणजे खिडक्यांचे ॲल्युमिनियम सेक्शनवाले, हात एकदम साफ असतो त्यांचा, पण त्यांच्याकडचे रिव्हेट ॲल्युमिनियमचे आणि आतला खिळा साध्या लोखंडाचा. खिडकीच्या जाळीला ते उत्तम. व्हँगला तसले रिव्हेट लावायचे नाहीत, एक तर ताकद कमी आणि दुसरं म्हणजे आत अडकलेलं खिळ्याचं डोकं गंजतं. बूमला मोनेलचे म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे रिव्हेट वापरतात, नाहीतर स्टेनलेसचे. हे आम्ही मागवून घेतो, ४.८ मिलिमीटरचे. त्याला भोक ४.९ चं लागतं, ५.५ चं करून ठेवलं तर रिव्हेट भोकात फुगून घट्ट बसत नाही आणि पहिल्याच सीझनला हलायला लागतो. आणि छोट्या हँड रिव्हेटरनं स्टेनलेसचे ४.८ चे रिव्हेट मारता येत नाहीत, दोन लांब हँडलवालं मोठं रिव्हेटर लागतं, ते सेक्शनवाल्याकडंच असतं, रिव्हेट आपले आणि हत्यार-हात त्यांचे असं आम्ही करतो. मारताना पट्टी बूमला पूर्ण टेकलीय का बघायचं, मधे फट राहिली की सगळा जोर रिव्हेटच्या मानेवर येतो.

जुने रिव्हेट काढताना ड्रिल डोक्याच्या बरोबर मधे धरायचं, डोकं सुटलं की थांबायचं आणि उरलेला भाग पंचनं आत ढकलायचा. आरपार ड्रिल घालत बसलं की भोक मोठं होतं. आत पडलेले तुकडे बूम उभी करून हलवून काढून टाकायचे, नाहीतर पाण्यावर बूममधे खडखड वाजत राहतं आणि नवीन काही सुटलंय का तेच कळत नाही. जुनं भोक लांबट झालं असेल तर त्याच जागी जाडा रिव्हेट मारण्यापेक्षा फिटिंग चार-पाच सेंटिमीटर सरकवून नवीन भोकं पाडणं मला बरं वाटतं, आणि सगळी भोकं नळीच्या गोलाईवर एकाच आडव्या रेषेत घ्यायची नाहीत, पुढं-मागं करायची, नाहीतर बूम बरोबर त्या रेषेवर मोडते. आणि भोकापासून ॲल्युमिनियममध्येच चीर निघालेली दिसली तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवतात, पण ती तात्पुरती सोय समजायची, किनाऱ्यापर्यंत येण्यापुरती. व्हँगच्या जवळची चीर असेल तर तेवढ्या भागात आतून स्लीव्ह म्हणजे आधाराची नळी घालायला पाहिजे किंवा बूम बदलायला पाहिजे, यात खर्च वाचवायचा विचार मला पटत नाही.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांचं आपसात पटत नाही हे बहुतेकांना ऐकून माहिती असतं. दोघांच्या मधे ओल राहिली की बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा पुष्कळ हळू होतं, पण होतं. जी पांढरी पावडर तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून रंग फुगतो आणि स्क्रू जाम होतात. उपाय साधा आहे, दोन धातू एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. बाहेर यासाठी टेफ-जेल नाहीतर ड्युरालॅक ही पेस्ट वापरतात, रिव्हेट आणि स्क्रूच्या अंगाला ते लावूनच बसवायचं. पट्टीच्या खाली घालायला आम्ही मोटर वाइंडिंगवाल्याकडचा मायलर पेपर घेतो, जो मोटरच्या खाचांमध्ये इन्सुलेशनला घालतात, पातळ असतो, चिवट असतो, पाणी पीत नाही. फिटिंगच्या मापाला कापायचा, किंचित बाहेर ठेवायचा आणि बसवल्यावर ब्लेडनं कडेनं छाटायचा. वाइंडिंगवाल्या भाऊंना विचारलं की बोटीला चालेल का, ते म्हणाले “मोटरमदी एवढ्या गरमीत टिकतंय, बोटीत का टिकायचं नाय?” आणि खरंच टिकलाय, काढून बघितलं तर खालचं ॲल्युमिनियम स्वच्छ.

जाम झालेला स्क्रू सोडवायला जोर लावून डोकं खराब करू नका. तापमानानं ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, साधारण २३ विरुद्ध १७ या प्रमाणात, म्हणजे हीट गननं आजूबाजूचा भाग गरम केला की भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. आधी रात्रभर डब्ल्यूडी-फॉर्टी मारून ठेवायचं, मग गरम करायचं, मग हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. बहुतेक वेळा निघतो. परत लावताना कोरडा लावायचा नाही.

आरपार बोल्ट असलेल्या फिटिंगमध्ये एक बारीक गोष्ट असते. नट आवळला की बूमची नळी चेपली जाते, कारण आत पोकळ आहे. म्हणून आत बोल्टवर एक छोटी नळी, स्पेसर, पाहिजे, बूमच्या आतल्या मापाएवढी लांब. आमच्या मेनशीटच्या बोल्टला ती नव्हतीच, बूमच्या बाजू थोड्या आत दबलेल्या होत्या, लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा स्पेसर काढून घेतला आणि आता नट हवा तेवढा घट्ट बसतो. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, आणि नायलॉन झिजून हातानं फिरायला लागला की फेकून द्यायचा, दोन-पाच रुपयांची गोष्ट आहे.

ब्लॉकचं म्हणजे कप्प्यांचं काय, तर आपल्याकडं खरा शत्रू धूळ आहे. वळवात जी धूळ उडते ती प्रत्येक बेअरिंगमध्ये जाते. बॉल बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये ग्रीस किंवा तेल घालायचं नाही, धूळ त्यात चिकटून घासणारा लगदा होतो. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून चाक फिरवत राहायचं, मग साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. एवढ्यानंच फिरायला लागतात. चाकाच्या काठाला टवके गेलेत का आणि चाक एका बाजूला झुकतंय का ते बघायचं, झुकत असेल तर दोरी चाक आणि बाजूच्या पत्र्याच्या मधे जाऊन अडकते, आणि मेनशीट अडकली म्हणजे जोराच्या वाऱ्यात शिड सोडता येत नाही, मग बोट उलटणार हे ठरलेलंच.

दुसरा शत्रू ऊन. उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत बोट महिनोन् महिने ताडपत्रीखाली पडून असते आणि बूमची दोन्ही टोकाची प्लास्टिकची झाकणं, स्वस्त ब्लॉकचे गाल, केबल टाय हे सगळं ठिसूळ होतं. नखानं खरवडून पांढरा भुसा निघाला की बदलायचं. दोरी पण तशीच, वरचे धागे केसाळ झालेत एवढ्यावर काही नाही, पण वाकवल्यावर कडकड आवाज आला, आतला भाग कडक लागला तर ती दोरी आउटहॉलला किंवा व्हँगला वापरायची नाही. आता व्हँगची खालची डी शॅकल म्हणजे डी आकाराची धातूची कडी काढून तिथं डायनीमाच्या, म्हणजे एका फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या, बारीक दोरीचे चार-पाच वेढे मारलेत, वजन नाही, खडखड नाही आणि झिजली तर डोळ्याला लगेच दिसते, जे शॅकलच्या बाबतीत होत नाही.

झाकणं काढलीच आहेत तर आत टॉर्च मारून बघायचं. कुंभारीण माशीला बूमची पोकळ नळी फार आवडते, आत मातीची घरं बांधून ठेवते, आणि आउटहॉलची दोरी बूमच्या आतून जात असेल तर ती त्या मातीत अडकते किंवा घासून खराब होते. पाण्याचा पाइप लावून माती विरघळवून काढायची, सळई घालून ठोकायचं नाही, आतली कप्पी तुटते. नंतर बोट ठेवताना दोन्ही टोकांना जाळीचा तुकडा बांधून ठेवायचा, हवा खेळती राहते आणि माशी जात नाही.

राहिल्या पिना आणि रिंगा. क्लेव्हिस पिन म्हणजे एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला भोक असलेली पिन, तिच्या भोकात जी बारीक गोल रिंग असते, किल्लीच्या रिंगसारखी, ती दोरीत अडकून उलगडते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बूमच्या आजूबाजूला सतत दोऱ्या फिरतात म्हणून मी तिथं शक्यतो रिंग ठेवत नाही, कॉटर पिन म्हणजे दोन पायांची फाकवायची पिन घालते, पाय थोडेसेच फाकवते, पूर्ण मागं वळवत नाही कारण परत काढताना मोडतात, आणि वरून टेप गुंडाळते म्हणजे शिड फाटत नाही आणि हाताला लागत नाही. रिंग ठेवायचीच असेल तर तिच्यावर पण टेप. जी रिंग एकदा ओढून उघडी पडली ती परत दाबून वापरायची नाही. कॉटर पिना स्टेनलेसच्याच, मोटरसायकलच्या दुकानातल्या लोखंडी नकोत.

सगळं बसवून झालं की पाण्यावर जाण्याआधी बोट जमिनीवर असतानाच शिड चढवायचं, वारा हलका असताना आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडं ठेवून. व्हँग पूर्ण आवळायचा, दादा बूमच्या टोकाला दोन्ही हातांनी वर-खाली आणि आडवं हलवतो आणि मी प्रत्येक फिटिंगवर एक-एक करून हाताचं बोट ठेवते. हलणारी गोष्ट डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळते. मग बूम दोन्ही बाजूंना पूर्ण बाहेर नेऊन बघायची, काही गूजनेक एका बाजूला शेवटी अडकतात आणि तिथं मग बूम तरफेसारखी काम करून रिव्हेट उपसते. ही अडचण फक्त शिड चढवूनच दिसते. वहिनी आणि पोरं बरोबर असली की हे करताना त्यांना लांब उभं करायचं, बूम जमिनीवर पण डोक्याला तेवढ्याच जोरात लागते, आणि बोटीत लहान मुलं असतील तर त्यांच्या डोक्यावर हेल्मेट.

बोटीत एक छोटा डबा कायम असतो, त्यात गूजनेकची जादा पिन, कॉटर पिना, दोन शॅकल, दोन मीटर डायनीमा, टेप आणि पक्कड. पिन बरोबर आपल्याच गूजनेकच्या मापाची आहे ना ते घरीच घालून बघायचं. या वर्षीचं आमचं सगळं झालंय, फक्त बूमच्या मागच्या टोकाचं झाकण अजून आलेलं नाही, ते आलं आणि पाणी थोडं चढलं की निघायचं.